बहात्तरावा हिस्सा

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या प्रत्येकाला हा क्षण माहीत असतो. विटांचा सांगाडा रचून झालेला असतो, चिखलात भिजवलेलं गोणपाट त्यावर पसरून डोंगर झालेला असतो, पेरलेले अळीव तरारलेले असतात, तटबंदीला गेरू लागलेला असतो. आता चित्रं मांडायची. मांडायला घेतलं की लक्षात येतं, सिंहासनावरचे महाराज महादरवाज्यातून आत येऊच शकत नाहीत, इतके ते मोठे आहेत. मावळा बुरुजाच्या खांद्याला लागतो. पायथ्याच्या गावातली कोंबडी घराच्या दारात मावत नाही. आमच्या वाड्यात यावर दर वर्षी वाद व्हायचा. थोरल्या भावाचं म्हणणं, महाराज मोठेच असले पाहिजेत. मला मात्र तो दरवाजा छळायचा.

पुढे कधीतरी मी तो हिशेब कागदावर मांडला. आमच्या कुंभाराकडचा मावळा साधारण ७ सेंटिमीटर उंच असायचा. खरा माणूस १७० सेंटिमीटर धरला तर प्रमाण झालं १:२४. रायगड पायथ्यापासून साधारण ४०० मीटर उंच. त्याच प्रमाणात तो करायचा तर डोंगर १६ मीटरच्या वर जाईल, पाच मजली इमारतीएवढा. विमानांच्या किटमध्ये सर्रास चालणारं १:७२ हे प्रमाण घेतलं तर मावळा २४ मिलिमीटरचा होतो आणि रायगड साडेपाच मीटरचा, अजूनही अंगणाबाहेरच. १:६०० वर आलं की गड ६७ सेंटिमीटरचा होतो, अंगणात छान बसतो, पण मावळा तीन मिलिमीटरही उरत नाही. तांदळाच्या दाण्याचा अर्धा. त्याच्या हातात भाला द्यायचा कसा?

स्केल मॉडेल आणि डायोरामा या छंदाची सगळी गंमत आणि सगळी मेहनत या हिशेबात आहे. लहान करणं हा नुसता भागाकार असता तर काम सोपं होतं. लहान केलेली वस्तू खरी वाटायची असेल तर तिच्यात पुष्कळ काही मुद्दाम बदलावं लागतं. काय बदलायचं आणि किती, यावर हा छंद त्याच्या आजच्या रूपात गेली ऐंशी-नव्वद वर्षं भांडतो आहे. मी स्वतः वीसएक वर्षं या कामात आहे, आणि हे भांडण मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून माणूस पाहायला शिकतो.

लहान प्रतिकृतींची ओढ अर्थातच जुनी आहे. इजिप्तमध्ये मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली लाकडी नमुन्यांचा अख्खा संच सापडला: धान्याचं कोठार, बेकरी, गुरांची मोजणी, होड्या. चार हजार वर्षांपूर्वीचं ते काम. आपल्याकडे नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा बैलांचा रथ मिळाला, जेमतेम ४५ सेंटिमीटर लांबीचा, हाकणाऱ्यासकट. भातुकलीतलं पितळी जातं, बंब, पोळपाट ही याच ओढीची घरगुती रूपं. चैत्रगौरीपुढची आरासही तीच.

पण मोजून, मापून, एकाच प्रमाणात अख्खी जागा लहान करण्याचं मोठं काम केलं ते फ्रान्सच्या लष्करानं. चौदाव्या लुईच्या युद्धमंत्र्यानं, लूव्वानं, १६६८ मध्ये सरहद्दीवरच्या तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करून घ्यायला सुरुवात केली. लाकूड, कागद आणि रेशीम वापरून केलेल्या या प्रतिकृती बहुतेक १:६०० प्रमाणात आहेत. म्हणजे अंगणातला रायगड ज्या प्रमाणावर येऊन बसतो, त्याच. त्यातल्या शंभरएक आज शिल्लक आहेत, आणि पॅरिसच्या आँव्हालीद या वास्तूत त्यांचं संग्रहालय आहे. एकेकाळी त्या कुणालाही पाहू देत नसत, कारण गडाची नेमकी कमजोरी कुठे आहे ते त्यांच्यावरून सहज कळायचं. तिथे माणसं नाहीत. १:६०० मध्ये माणूस दाखवायचाच नाही, हा निर्णय त्या कारागिरांनी घेतला आणि तो बरोबर होता. त्यांना प्रसंग दाखवायचा नव्हता, भूगोल दाखवायचा होता.

प्रसंग दाखवणारी परंपरा वेगळ्या वाटेनं आली. ‘डायोरामा’ हा शब्द लुई दागेर आणि शार्ल बुताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिसला उघडलेल्या रंगमंदिराचा. प्रचंड मोठ्या अर्धपारदर्शक कापडावर चित्र, पुढून-मागून पडणारा उजेड बदलायचा, आणि पाहता पाहता सकाळची संध्याकाळ व्हायची. १८३९ मध्ये ते जळालं. त्याच वर्षी दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे आली. उजेड आणि निवेदन यांच्या जोरावर गणेशोत्सवात रात्री बारापर्यंत रांगा लावणारे आपले देखावे मला या रंगमंदिराचे जवळचे नातेवाईक वाटतात. ‘देखावा’ हा शब्द तर ‘डायोरामा’पेक्षा कितीतरी बरा आहे. गोव्यात आणि वसईत नाताळला घरोघरी मांडला जाणारा गोठाही त्याच कुळातला: गवताचं छप्पर, मेंढपाळ, तारा, आणि मध्ये गव्हाणीतलं बाळ.

मग आलं प्लॅस्टिक. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावानं जोडायच्या विमानांचे प्लॅस्टिकचे संच निघाले, १:७२ प्रमाणात. हा विचित्र आकडा इंग्रजी मापांतून आलेला. सहा फुटांचा एक इंच केला की ७२ होतात, म्हणजे सहा फूट माणूस बरोबर एक इंचाचा. पाव इंचाला एक फूट धरलं की १:४८. एका इंचाला एक फूट धरलं की १:१२, बाहुलीघरांचं प्रमाण. ज्या लुट्यन्सनं नवी दिल्ली आखली त्यानंच १९२०च्या दशकात इंग्लंडच्या मेरी राणीसाठी या प्रमाणातलं एक बाहुलीघर आखलं होतं. एअरफिक्स या कंपनीनं १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरचा नमुना केला तो विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना दाखवावा म्हणून. १९५२ मध्ये तिचं ‘गोल्डन हाइंड’ जहाज आलं आणि स्वस्तातलं किट पोरांच्या खिशात परवडू लागलं.

रणगाड्यांच्या १:३५ या प्रमाणाची गोष्ट तर मला फार आवडते. जपानमधल्या शिझुओका गावची तामिया ही मुळात लाकडाची वखार. १९६१ मध्ये त्यांनी ‘पँथर’ रणगाड्याचं चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटरी बसली पाहिजे, म्हणून रणगाडा तेवढा मोठा केला. नंतर मोजलं तर प्रमाण १:३५ च्या आसपास भरलं. ते मॉडेल इतकं चाललं की आज जगभरातले रणगाडे, जीपगाड्या, शिपाई, तुटक्या भिंती, पिंपं, सगळं १:३५ मध्ये मिळतं. एका बॅटरीच्या आकारानं एका अख्ख्या छंदाचं माप ठरवलं. प्रमाण ही गोष्ट किती अपघातानं ठरते आणि ठरल्यावर किती घट्ट बसते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. किटमधलं विमान हातात घेऊन बघा. पंखावर पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या बारीक रेषा कोरलेल्या असतात. १:७२ मध्ये अशी एक रेषा ०.१५ मिलिमीटर रुंद धरली तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ ११ मिलिमीटरची फट झाली; करंगळी जाईल एवढी. अशी फट असलेलं विमान कुणी उडवणार नाही. खरी फट एक-दोन मिलिमीटरची धरली, तर मॉडेलवर ती केसाच्या निम्म्याहूनही बारीक होईल, आणि रंगाच्या पहिल्या थराखालीच बुजेल. मग काय करायचं? काही जण म्हणतात, रेषा नकोतच. बहुतेक जण त्या ठेवतात, आणि वर त्यात काळपट पातळ रंग सोडून त्या आणखी उठावदार करतात. माझं मत असं की रेषा हव्यात, पण त्यात काळा सोडायचा नाही. मूळ रंगापेक्षा जराच गडद असा रंग सोडायचा. डोळ्याला ‘इथे सांधा आहे’ एवढं कळलं की बस.

चेहऱ्याचंही तसंच. १:३५ च्या शिपायाचं डोकं सहा-साडेसहा मिलिमीटरचं. उघड्या डोळ्याची उंची त्यात ०.३ मिलिमीटर. नवा माणूस काय करतो, तर सगळ्यात बारीक ब्रशनं पांढरा ठिपका, त्यावर काळा ठिपका. शिपाई भूत बघितल्यासारखा दिसायला लागतो. कारण साधं आहे. आपण ते मॉडेल अर्ध्या मीटरवरून पाहतो. ३५ नं गुणलं तर खरा माणूस साडेसतरा मीटरवरून पाहिल्यासारखं झालं. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाच्या डोळ्यांतलं पांढरं तुम्हाला दिसतं का? दिसते ती भुवईखालची सावली. म्हणून अनुभवी हात तिथे फक्त एक तपकिरी रेघ ओढतो, आणि चेहरा जिवंत होतो.

हाच न्याय रंगाला लावला की वादाला तोंड फुटतं. दूरची वस्तू फिकट दिसते, मग लहान मॉडेलचा रंगही फिकट करावा की नाही? एक बाजू म्हणते, खऱ्या विमानाच्या रंगाचा नमुना मिळवा आणि अगदी तोच रंग लावा. दुसरी म्हणते, तो रंग लहान पृष्ठभागावर जड आणि मेलेला वाटतो, त्यात थोडा पांढरा किंवा करडा मिसळाच. मी दुसऱ्या बाजूचा आहे. भर उन्हात उभ्या असलेल्या मोठ्या गाडीवर जो उजेड खेळतो, तो टेबलावरच्या वीतभर वस्तूवर खेळत नाही. मोठ्या गाडीच्या मडगार्डखाली पडते तशी गडद सावली छोट्या मडगार्डखाली पडत नाही. ती आपल्यालाच रंगवावी लागते: वरून पडणाऱ्या उजेडाच्या बाजूला फिकट, खाली गडद. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी १९८०च्या दशकात कोरड्या ब्रशनं कडा उजळण्याची आणि खोबणीत पातळ रंग सोडण्याची पद्धत जगभर नेली. पुढे स्पेनमधल्या रंगकारांनी एकाच पट्ट्यावर फिकटापासून गडदापर्यंत छटा चढवत नेऊन ती टोकाला नेली. टोकाला म्हणतो कारण आज स्पर्धांमधले बरेच रणगाडे समुद्राच्या तळातून वर काढल्यासारखे गंजलेले दिसतात. लढाईतल्या कित्येक रणगाड्यांचं आयुष्य काही महिन्यांचंही नसायचं. त्यांना चिखल लागायचा, धूळ बसायची, रंग खरवडला जायचा. गंजून भोकं पडायला वेळच मिळायचा नाही. गंज रंगवायला मजा येते हे खरं, पण मजा येते म्हणून सगळीकडे गंज, हे मला पटत नाही.

खरा रंग लहान वस्तूवर खरा वाटत नाही, हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते एसटीच्या गाडीनं. पुणे ते नगर अशी पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली, आणि तेव्हापासून आजवर ज्या गाड्यांनी महाराष्ट्र हलवला त्यांचं किट दुकानात मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे किती तरी पोरं-पोरी फोमशीट, पुठ्ठा आणि फेविक्विक घेऊन लाल गाड्या घरीच करतात, आणि त्यांतल्या काही पाहून मी थक्क झालो आहे. मीही १:५० मध्ये एक केली, वीस सेंटिमीटरची. कोकणातल्या एका थांब्यावर, पावसाळा संपताना उभी. तिच्या चाकांवर आणि मागच्या अंगाला लाल धूळ हवी होती. खरीच माती लावू या म्हणून मी गावाहून जांभ्याची माती आणली, वाळवली, खलबत्त्यात कुटली, चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून गाळली. लावली. गाडी मातीनं माखलेल्या खेळण्यासारखी दिसली. मलमलीतून आलेला बारीकातला बारीक कणही ५० नं गुणला की बाजरीच्या दाण्याएवढा होतो. खऱ्या गाडीवर तशी धूळ बसत नाही. त्यात वॉर्निश लागल्याबरोबर माती ओली होऊन काळवंडली आणि तशीच राहिली. तीन दिवस त्या गाडीकडे मी पाहत बसलो. मग सगळं धुऊन काढलं, आणि गेरू, थोडा पिवळा, बराचसा पांढरा असा रंग पाण्यासारखा पातळ करून एअरब्रशनं खालून वर, लांबून, श्वासाएवढ्या दाबानं मारला. खऱ्या मातीशेजारी ठेवला तर तो रंग चक्क गुलाबी दिसतो. गाडीवर मात्र तो कोकण झाला. रत्नागिरीचा एक मित्र ते बघून म्हणाला, “ही गाडी घाट उतरून आलीये.” मला हवं होतं ते हेच.

पाण्याचं तर विचारूच नका. माती निदान कुटता येते. पाणी लहान होत नाही. थेंब तेवढाच राहतो, लाट तेवढीच राहते. किल्ल्याच्या तळ्यात खरं पाणी ओतलं की तळं लगेच वाटीतलं पाणी होऊन बसतं. जुन्या चित्रपटांत लहान जहाजांच्या दृश्यांवरून हा घोटाळा पटकन ओळखू येतो. म्हणून डायोरामात रेझिन ओततात, थरावर थर, तळाशी गडद रंग देऊन. दिवाळीच्या किल्ल्यात मुलं आरसा ठेवतात आणि कडेनं माती लावतात, ते मला नेहमी फार शहाणपणाचं वाटतं. स्थिर पाण्याचं काम आकाश दाखवणं हे असतं, आणि आरसा ते करतो.

एक गाडी नीट रंगवणं आणि त्या गाडीभोवती एक क्षण उभा करणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरीचा पाया घातला अमेरिकेच्या शेपर्ड पेन यांनी. १९७०च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत त्यांच्या देखाव्यांची पत्रकं यायची. पोटावर उतरलेलं बी-१७ विमान, भोवती सुटका झालेली माणसं. ती पत्रकं बघून एका पिढीनं डायोरामे करायला घेतले. १९८० मध्ये त्यांचं ‘हाउ टु बिल्ड डायोरामाज’ हे पुस्तक आलं. त्यांचा सगळा भर गोष्टीवर. देखाव्यात नेमकं काय घडतंय हे बघणाऱ्याला कुणी न सांगता कळलं पाहिजे. इथे नवशिक्यांची एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे सगळं सामान मांडण्याची. पाट मोठा घ्यायचा, मध्ये गाडी, ती पाटाच्या कडेला समांतर, चारी कोपऱ्यांत एकेक झाड. त्यापेक्षा पाट लहान करावा, गाडी तिरकी ठेवावी, रस्ता कडेपाशी सरळ कापून टाकावा, म्हणजे तो पुढे जातोय असं वाटतं. माझ्या एसटीच्या थांब्यावर आधी बारा माणसं होती. आता तीन आहेत: खिडकीतून बाहेर वाकलेला कंडक्टर, टपावरची करंडी धरणारा हमाल आणि थोडी दूर उभी, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली एक बाई. ती गाडीत बसणार आहे की कुणाला तरी घ्यायला आली आहे, हे लोक मला विचारतात. मी सांगत नाही.

देखाव्यातून किती गंभीर काम होऊ शकतं याचा दाखला म्हणजे फ्रान्सिस ग्लेस्नर ली. या अमेरिकन बाईंनी १९४०च्या दशकात संशयास्पद मृत्यूंचे देखावे केले, १:१२ मध्ये. घरातली खोली, स्वयंपाकघर, धान्याची कोठी. आणि त्यात एक मृतदेह. पोलिसांनी पुरावा कसा पाहावा हे शिकवण्यासाठी. कॅलेंडरचं पान कोणतं, दिवा चालू की बंद, भिंतीवर डाग कुठे, बाहुलीचे पायमोजे टाचणीएवढ्या सुयांवर विणलेले. त्यातले अठरा बाल्टिमोरला आहेत आणि तपासाच्या प्रशिक्षणात ते आजही वापरले जातात. छोट्या खोलीकडे माणूस मोठ्या खोलीपेक्षा जास्त लक्ष देऊन बघतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

आपल्याकडची संग्रहालयं या नजरेनं बघायला हवीत. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं, तेव्हाचं ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’. तिथे मातीच्या छोट्या मूर्तींमधून मुंबई इलाख्यातले व्यवसाय, जातीजमातींचे पेहराव, गावातले प्रसंग मांडलेले आहेत. कारागिरी अप्रतिम आहे. पण जरा वेळ थांबलं की कळतं, या मूर्ती वर्गवारी करायला केलेल्या आहेत. एका सत्तेला आपली प्रजा टेबलावर मांडून बघायची होती. देखाव्यात कोण बघतंय हेही दिसतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा निसर्गविभाग वेगळा. वाकवलेल्या, रंगवलेल्या पार्श्वभूमीपुढे पक्षी आणि प्राणी त्यांच्या अधिवासात उभे केलेले. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात कार्ल एकली यांनी आफ्रिकेच्या दालनासाठी जे केलं त्याच घराण्यातलं काम. तरुणपणी सालिम अली याच विभागात लोकांना माहिती सांगण्याच्या नोकरीवर होते.

आणि पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. दिवे मालवले जातात, शहरातले छोटे दिवे लागतात, सिग्नल बदलतात, गाड्या वळणावरून धावत सुटतात. हँबुर्गच्या ‘मिनिआतुर वुंडरलांड’ या छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनाचा पसारा अवाढव्य आहे, पण एका माणसाच्या आयुष्यभराच्या हौसेतून उभं राहिलेलं हे शहर मला जास्त जवळचं वाटतं. मुलांना दाखवायला नेलं तर त्यांच्याआधी आईवडीलच काचेला नाक लावून उभे असतात.

बाकी आपल्याकडे हा छंद करण्याच्या अडचणी सरळ आहेत. चांगली किटं बाहेरून येतात, त्यामुळे महाग पडतात. पावसाळ्यात लॅकर मारलं की हवेतला ओलावा रंगावर पांढुरकी साय धरतो. मी जून ते सप्टेंबर फक्त जोडकाम करतो, रंगाला दसऱ्यानंतरच हात लावतो. फेविक्विकची वाफ विमानाच्या पारदर्शक काचेवर धुक्यासारखी बसते आणि निघत नाही, तिथे साधा फेविकॉल बरा. थरांचा क्रम चुकवायचा नाही: आधी ॲक्रिलिक, मग चकचकीत वॉर्निश, मग डिकॅल (चिकटवायची चिन्हं), मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तेलरंग, सगळ्यात शेवटी मॅट वॉर्निश. डिकॅल खरखरीत मॅट रंगावर लावलं तर त्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. रेझिन घासताना मास्क हवाच. ती भुकटी फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा देखावे आणि मखरं करणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली, पण पुठ्ठा, कागदाचा लगदा, बांबू, शाडू यांच्याकडे हात परत वळले, आणि कागदाच्या लगद्याचा कातळ थर्माकोलपेक्षा कितीतरी खरा दिसतो हे सगळ्यांना कळलं. आता घरात ठेवता येतील असे रेझिनचे थ्रीडी प्रिंटर आले आहेत. ०.०५ मिलिमीटरच्या थरांत ते मूर्ती घडवतात. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बाजारात नेपोलियनचे शिपाई हवे तितके मिळतात, धारकरी आणि बारगीर मात्र शोधावे लागतात. प्रिंटरमुळे ते आपले आपण करता येतील. फक्त पागोटं कसं बांधलं जातं, अंगरख्याचे बंद कुठल्या बाजूला येतात, हे आधी बघून घ्यायला हवं. ते प्रिंटर सांगत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून माझ्या टेबलावर गडाच्या एका दरवाज्याचा आराखडा पडून आहे, १:७२ मध्ये. अख्खा गड नको. फक्त गोमुखी दरवाजा, दोन बुरूज, वर चर्या आणि जंग्या, आतल्या देवड्या, वर येणाऱ्या शेवटच्या पायऱ्या. अडचण अशी की गोमुखी दरवाजा समोरून दिसतच नाही. वाट दोन बुरुजांच्या कवेत वळते आणि दार आत लपतं. शत्रूला ते लांबून हेरता येऊ नये, हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा मिळू नये, तोफेचा गोळा सरळ दारावर बसू नये, म्हणून तर ते तसं बांधलं. दिवाळीच्या किल्ल्यात आपण दार नेहमी समोर, मधोमध करतो. ते छान दिसतं, पण त्यात गड बांधणाऱ्याची अक्कलच नाहीशी होते. बुरूज कापून आत दाखवावं, तर दार लपलेलं राहत नाही. वरून पाहण्यासाठी मांडावं, तर तो फ्रेंच लष्कराचा नकाशा होतो.

शेवटी मी पाट कमरेच्या नव्हे, डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचं ठरवलं आहे, आणि वाट पाटाच्या उजव्या कोपऱ्यातून चढती घेतली आहे. समोर उभं राहिलं तर नुसती भिंत दिसेल. दार बघायचं तर पाहणाऱ्याला दोन पावलं उजवीकडे जावं लागेल, मान थोडी वाकवावी लागेल, आणि तेव्हा बुरुजाच्या आडून आधी जंगीतली एक बंदुकीची नळी दिसेल, मग दार. नळीची जाडी अर्धा मिलिमीटर. त्यासाठी सुईच्या नेढ्याकडचा तुकडा मी कापून ठेवला आहे.